पस्तिशीनंतरचं एमबीए : अडलंय कुठं?

कोल्हापुरात ‘बाहेरून’ या शब्दाला एक खास अर्थ आहे. शिरोली एमआयडीसीत दुसरी पाळी सुरू व्हायच्या आधी चहाच्या गाड्यावर उभं राहिलात, तर तो हमखास कानावर पडतो. “प्रमोशन अडलंय, भावा.” “मग एमबीए करून टाक की बाहेरनं.” बाहेरून म्हणजे दूरशिक्षणानं, नोकरी न सोडता. चहा संपेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर एखाद्या कोर्सची फी दाखवतो. दुसरा म्हणतो, माझ्या मेहुण्यानं केलं, काय उपयोग झाला नाही. तिसरा म्हणतो, माझ्या साडूनं केलं, आज पुण्यात मॅनेजर आहे. भोंगा होतो आणि विषय उद्यावर जातो. असे विषय दहा-दहा वर्षं उद्यावर जातात.

या चर्चेत दोष एकच. मेहुण्याचं आणि साडूचं अडलं होतं ते वेगवेगळ्या ठिकाणी. एकाला औषध लागू पडलं नाही आणि दुसऱ्याला पडलं, म्हणून औषध चांगलं की वाईट हे ठरत नाही. आधी दुखणं कुठं आहे ते बघावं लागतं. या प्रकरणात आपण तेवढंच करणार आहोत.

सुरुवात एका अडलेल्या प्रमोशनपासून करू. माणूस आपल्याच भागातला, काळ मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म 1869. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि तिथं कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखताच येत नाहीत. मग यांत्रिक आरेखन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. पुढची जागा त्यांना मिळायची होती, ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला भावाच्या सायकलच्या धंद्यात आले. पुढं कडबा कापायचं यंत्र, 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘डिग्रीबिग्री काही लागत नाही, धमक लागते’ हे सांगायला वापरतात. मला तिचा उरलेला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. लक्ष्मणरावांचं अडलं होतं ते दुसऱ्याच्या पक्षपातापाशी. आणखी एखादं प्रमाणपत्र आणून तो पक्षपात जाणार नव्हता. म्हणून त्यांनी जागा बदलली. पण याच माणसानं आपल्या मुलाला, शंतनुरावांना, बोटीनं अमेरिकेला पाठवलं. शंतनुराव 1926 मध्ये एमआयटीची यांत्रिकी पदवी घेऊन परतले. बापाला शिक्षणाचा तिटकारा नव्हता. स्वतःच्या वेळी ते औषध नव्हतं आणि मुलाच्या वेळी होतं, एवढाच फरक.

आता आजच्या कोल्हापुरात या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि या सगळ्यांची आई म्हणावी अशी शिवाजी उद्यमनगर. इथली फौंड्री आणि मशीन शॉपची दुनिया मिस्त्री लोकांनी उभी केली. शाळा अर्धवट सुटलेली, पण इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारी माणसं ती. त्यामुळं या गावात ‘शिकलेला मॅनेजर’ हा अजूनही थोडा चेष्टेचा विषय आहे. चेष्टेत तथ्य नाही असं नाही. पण त्या मिस्त्रींच्या नातवांचं गिऱ्हाईक आता पुण्यात, चेन्नईत, जर्मनीत बसलेलं आहे आणि ते आवाजावरून नव्हे, कागदावरून बोलतं.

व्यवसाय-शिक्षणाची सोय मात्र इथं उशिरा आली असं म्हणता येणार नाही. अहमदाबाद आणि कोलकात्याचे आयआयएम 1961 चे. आपलं शिवाजी विद्यापीठ 1962 चं. मुंबईचं जमनालाल बजाज 1965 चं, पुण्यात प्र. चिं. शेजवलकरांचं आयएमडीआर 1974 चं आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1976 मध्ये, कोल्हापुरात डॉ. ए. डी. शिंदे यांनी सायबर उभी केली. ‘सायबर’ म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला इंटरनेट कॅफे आठवतो. कोल्हापूरकराला मात्र छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च आणि विद्यापीठ रस्ता आठवतो. शिंदे स्वतः सनदी लेखापाल होते, म्हणजे हिशेबाच्या बाजूनं या विषयाकडं आलेले. मला ही बाजू योग्य वाटते. का, ते पुढं येईलच.

आता दुखण्याकडं. अडण्याचे प्रकार तीन. पहिला सरळ आहे, म्हणून तो लवकर उरकू. तुमचं कागदापाशी अडलंय. काम तुम्ही वरच्या जागेचंच करताय, साहेबही मानतो, पण कंपनीच्या नियमात त्या जागेला ‘पदव्युत्तर’ लिहिलेलं आहे. बहुराष्ट्रीय कंपन्या, बँका, निमसरकारी संस्था यांत असं असतं. इथं फार तत्त्वज्ञान करू नये. तो कागद मान्यताप्राप्त असावा आणि स्वस्तात स्वस्त मिळावा, एवढंच पाहायचं. इग्नूचं एमबीए चार सत्रांचं असून फी एकूण साठ-पासष्ट हजारांच्या घरात जाते. शिवाजी विद्यापीठाचं स्वतःचं दूरशिक्षण केंद्र आहे. नियमानं मान्यता असलेल्या दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या धराव्यात, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. तरी एक काम कराच. एचआरच्या माणसाकडून नियम लेखी मागा. ‘एमबीए असलं तर बघू’ आणि ‘या पदाला एमबीए आवश्यक’ या दोन वाक्यांत दोन वर्षांचं अंतर आहे.

आणि तो कागद एमबीएचाच असावा लागतो, असंही नाही. कोल्हापूर हा सहकाराचा जिल्हा. साखर कारखाने, जिल्हा बँक, 1963 पासूनचा गोकुळ दूध संघ, गल्लोगल्लीच्या पतसंस्था. पतसंस्थेत पंधरा वर्षं काढलेल्या माणसानं एमबीएची जाहिरात पाहण्याआधी सहकार खात्याच्या जीडीसी अँड ए परीक्षेची जाहिरात पाहावी. फी किरकोळ, अभ्यास रोजच्या कामाचाच आणि पास झालात तर सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाची वाट उघडते. बँकेतल्या माणसाला जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा माहीतच असतात, पण ‘नंतर देऊ’ म्हणून त्या राहून जातात. एमबीए म्हटलं की भारी वाटतं आणि सीएआयआयबी म्हटलं की खात्याची परीक्षा वाटते. हा निव्वळ नावाचा परिणाम आहे.

दुसरा प्रकार खरा गुंतागुंतीचा, कारण त्यात माणसाला आपलं अडलंय हेच कळत नाही. कारखाना चालतोय, ऑर्डरी आहेत, गेटवर गाड्या उभ्या आहेत आणि तरी सात तारखेला पगाराला पैसे नाहीत. इथं अडलंय ते ज्ञानापाशी. जवळून पाहू या.

समजा, एक छोटी फौंड्री आहे, महिन्याला शंभर टन कास्टिंग पाठवणारी. भट्टीत शंभर किलो धातू वितळवला. तीन किलो जळून गेला. सदतीस किलो रनर-रायझरमध्ये अडकून परत भंगारात आला. हातात साठ किलो कास्टिंग. वितळवण्यापर्यंतचा खर्च किलोला 60 रुपये धरला तर 6,000 रुपये. परत आलेल्या सदतीस किलोचे 30 रुपयांनी 1,110 वजा केले की 4,890. भागिले साठ, म्हणजे किलोला साडेएक्याऐंशी रुपये. मालक या आकड्यावर बाकीचा खर्च आणि नफा चढवतो आणि दर देऊन मोकळा होतो.

पण साठातले तीन किलो रिजेक्ट झाले. पाच टक्के, म्हणजे फार नव्हे. त्यांचे भंगाराचे 90 रुपये मिळाले. आता 4,800 भागिले 57. किलोला 84 रुपये 20 पैसे. फरक 2 रुपये 70 पैशांचा. ‘एवढं चालतंय की’ म्हणावं इतका. शंभर टनांना तो होतो महिन्याला 2 लाख 70 हजार.

इथंच संपत नाही. गिऱ्हाईक पैसे देतं नव्वद दिवसांनी. किलोला 100 रुपये दर धरला तर महिन्याची विक्री एक कोटी, म्हणजे कायम तीन कोटी रुपये बाहेर. बँकेचं व्याज दहा टक्के धरलं तर वर्षाला 30 लाख, महिन्याला अडीच लाख, किलोला अडीच रुपये. रिजेक्शन आणि उधारी मिळून किलोमागं पाच रुपयांवर गेले आणि दर देताना यातला एक पैसाही धरलेला नव्हता. नफा किलोला पाच रुपये धरला असेल तर मालक वर्षभर गिऱ्हाइकाची फुकट सेवा करतोय.

आकडे मी सोयीचे घेतलेत, पण गणित असंच चालतं. एमबीएत हे ‘मॅनेजमेंट अकौंटिंग’ आणि ‘वर्किंग कॅपिटल’ या दोन विषयांत येतं. आता प्रश्न असा, की या मालकानं त्यासाठी दोन वर्षांचं एमबीए करावं का? माझं उत्तर : नाही. त्याला अठरा-वीस विषयांतले दोन हवेत. एखाद्या सीएमएला, म्हणजे कॉस्ट अकौंटंटला, महिन्यातले दोन शनिवार कारखान्यात बसवावं, स्वतःच्याच बिलांवर शिकावं आणि सूक्ष्म-लघु उद्योगाला पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळण्याचा 2006 चा कायदा नीट समजून घ्यावा. सहा महिन्यांत जे हाती येईल ते पदवीत दुसऱ्या वर्षापर्यंत येत नाही. आणि कारखान्याला दोन वर्षं दुर्लक्ष परवडत नाही, हा मुद्दा वेगळाच.

पण याच फौंड्रीतला क्वालिटी किंवा प्रॉडक्शन मॅनेजर घ्या. वय अडतीस, डिप्लोमा करून मग बीई झालेला. रिजेक्शन त्याच्या हातात आहे, पण दर ठरवताना त्याला बोलावत नाहीत. बोलावलं तर तो गप्प बसतो, कारण ताळेबंद वाचता येत नाही. त्याला मात्र मी शिक म्हणेन. दोन विषय वाचून त्याचं भागणार नाही. मार्केटिंगवाला का भांडतो, बँक काय बघते, कामगार कायदा कुठं आडवा येतो, हे सगळं एकत्र कळल्याशिवाय तो त्या खोलीत बोलू शकणार नाही. एकेका विभागात पंधरा वर्षं मुरलेल्या माणसाला सगळं घर एकदम दाखवणं, हे या शिक्षणाचं खरं काम आहे.

‘आता या वयात?’ असं विचारणाऱ्यांसाठी थोडं जगाचं सांगतो. हार्वर्डनं एमबीए सुरू केलं 1908 मध्ये, ते तरुणांसाठी. पण कामावर असलेल्या व्यवस्थापकांसाठी वेगळं शिक्षण लागतं, हे एमआयटीला 1931 मध्ये आणि शिकागो विद्यापीठाला 1943 मध्ये, ऐन महायुद्धात, कळलं होतं. कॅनडातले हेन्री मिंट्झबर्ग यांनी 2004 मध्ये एमबीएवर एक अख्खं टीकेचं पुस्तक लिहिलं. त्यांचा आक्षेप साधारण असा, की ज्यानं कधी माणसं सांभाळली नाहीत त्याला वर्गात बसवून व्यवस्थापक करता येत नाही. ज्यानं सांभाळली आहेत, त्याला मात्र स्वतःच्या अनुभवाकडं बघायला शिकवता येतं. त्यांनी 1996 पासून अशांसाठी जो अभ्यासक्रम चालवला, त्यात बेंगळुरूचं आयआयएमही भागीदार होतं. थोडक्यात, टीकाकाराच्या हिशेबात चुकीचा विद्यार्थी तेवीस वर्षांचा आहे. अडतीस वर्षांचा बरोबर आहे.

उलट बाजूही ऐका. स्टॅनफर्डचे जेफ्री फेफर आणि क्रिस्टिना फाँग यांनी 2002 मध्ये उपलब्ध अभ्यास चाळले आणि नुसत्या एमबीएमुळं पुढच्या पगारात किंवा कारकिर्दीत मोठा फरक पडतो, याला फारसा पुरावा सापडत नाही, असा निष्कर्ष काढला. फरक पडतो तो बहुतांशी नामांकित संस्थांत. आणि तिथंही शिकवण्याइतकाच गाळून घेण्याचा आणि ओळखींचा वाटा असतो.

ओळखींवरून तिसरा प्रकार. काही जणांचं कागदापाशी अडत नाही, ज्ञानापाशीही नाही. गावापाशी अडतं. कोल्हापुरात त्याच चार कंपन्या, तेच पगार, तेच साहेब. अशा माणसाला क्षेत्र बदलायचंय, शहर बदलायचंय. त्याला बाहेरून केलेल्या पदवीचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण त्याला हवं आहे ते कॅम्पस आणि तिथं येणाऱ्या कंपन्या. म्हणजे पूर्ण वेळ. राज्याची एमबीए सीईटी द्यायची तर दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत, पण त्या वेगाशी अडतिशीतल्या डोक्याची गाठ पडली की बाविशीतली पोरं पुढं निघून जातात. आणि मिळालेल्या कॅम्पसवर कंपन्या येतात त्या त्याच पोरांना घ्यायला. अनुभवी माणसासाठी आयआयएमचे एक वर्षाचे पूर्ण वेळ अभ्यासक्रम आहेत, पण अहमदाबादची फी तीस लाखांच्या पुढं जाते आणि तिथं प्रवेश मिळणारा माणूस सहसा असा सल्ला मागायला येत नाही.

पूर्ण वेळ शिकण्याचा हिशेब करताना लोक फी मोजतात आणि पगार विसरतात. महिना पन्नास हजारांवर नोकरी सोडली तर दोन वर्षांचे बारा लाख हा पहिला खर्च, फी त्याच्या नंतर. वर दहा लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साडेसोळा हजारांच्या थोडा वर आणि एकूण परतफेड चौदा लाखांच्या घरात. व्याजावरची करवजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, हे बँकेतला माणूस सांगायचा राहतो. पस्तिशी ओलांडलेल्या, घराचा हप्ता चालू असलेल्या माणसाला मी हा मार्ग सुचवत नाही. बायकोची नोकरी भक्कम असेल, तर तिच्याशी बोलून बघावं. आणि नोकरी भक्कम असलेली बाईच शिकायला निघाली असेल, तर नवऱ्यानं ‘पोरांचं काय?’ हा पहिला प्रश्न विचारू नये. त्याच्या वेळी तो कुणी विचारला नव्हता.

तासांचा हिशेब सगळ्यांनाच लागू. बाहेरून करायचं तरी आठवड्याला दहा तास लागतात, दोन वर्षांत हजारभर. हे तास पाळी संपल्यावरचे, रविवारचे, लग्नसराईतले, पोरांच्या परीक्षेतले. रंकाळ्यावरची फेरी आणि तालमीतल्या गप्पा त्यातून जाणार. माझ्या पाहण्यात फीमुळं कुणी अर्ध्यावर सोडलेलं नाही. सोडतात ते दुसऱ्या सत्रात, पहिली असाइनमेंट कुणाकडून तरी लिहून घेतल्यानंतर. एकदा ती लिहून घेतली की ज्यासाठी शिकायला बसलो तेच संपलेलं असतं, उरतो फक्त हप्ता.

एक सावधगिरी. आजकाल फोन येतात. “सर, तुमची प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालीय, आज रात्री बारापर्यंत सवलत आहे.” मोठ्या संस्थेचं नाव, तीन लाख फी, अकरा महिने. नीट वाचलं तर ते ‘एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम’चं प्रमाणपत्र असतं, पदवी नव्हे. शिकायला ते वाईट असतं असं मुळीच नाही, पण ज्याचं कागदापाशी अडलंय त्याचे ते तीन लाख पाण्यात. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी घ्यायची असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या, त्याच सत्राच्या यादीत विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं अशी दोन्ही नावं पाहावीत. मागच्या वर्षीची मान्यता यंदा असेलच असं नाही. 2024 पासून अशा प्रवेशाला त्याच संकेतस्थळावर काढलेला डीईबी-आयडी लागतो. तो मागतच नसतील, तर समजायचं ते समजून घ्या.

इतकं वाचूनही ठरत नसेल, तर पैसे न घालता करता येईल असं एक काम आहे. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून उघडं आहे. तिथून किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याकडून कॉस्ट अकौंटिंगचं एक पाठ्यपुस्तक आणा. महिनाभर, जेवण झाल्यावर, रोज दीड तास, टीव्ही बंद करून बसा आणि गणितं वहीत सोडवा. ती आपल्याच कारखान्याच्या, आपल्याच शाखेच्या आकड्यांवर सोडवता आली तर आणखी चांगलं. महिना संपला की पुस्तक कितव्या पानावर आहे ते बघा आणि मगच अर्ज भरा.